अग्रणी : नदी आणि रीत

‘अग्रणी’ हा शब्द सांगली जिल्ह्यात दोन ठिकाणी ऐकू येतो. बँकांच्या बैठकांत ‘अग्रणी बँक’ असा त्याचा उल्लेख होतो. तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात मात्र अग्रणी म्हणजे नदी. खानापूरच्या घाटमाथ्याकडे ती उगम पावते, तासगाव व कवठेमहांकाळ तालुक्यांतून वाहते आणि कर्नाटकातील अथणी तालुक्यात कृष्णेला मिळते. पहिल्या अग्रणीशी माझा संबंध नोकरीमुळे आला, दुसरीशी या भागातील वास्तव्यामुळे. निवृत्तीनंतर दोन्हींचा एकत्र विचार करू लागलो, तेव्हा असे दिसले की बँकांच्या अग्रणी पद्धतीत जे सूत्र आहे, त्याचीच या नदीला गरज आहे.

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र सोपे नाही. एखाद्या प्रदेशातील माती, पाणी, झाडे आणि पशुपक्षी सांभाळण्यासाठी अनेक संस्था पुढे येतात. कोणी कोणाच्या हाताखाली नसते, कोणी कोणाला हुकूम देऊ शकत नाही. स्वेच्छेने आलेल्या अशा संस्थांचे काम एका दिशेने कसे चालावे? आणि पहिला उत्साह ओसरल्यावर ते टिकावे कसे?

नदीची हद्द आणि कचेरीची हद्द

तासगाव तालुक्याच्या दोन बाजूंना दोन नद्या आहेत. पश्चिमेकडील येरळा सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात उगम पावते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेत विलीन होते. पूर्वेकडे अग्रणी. दोन्ही नद्यांची खोरी पर्जन्यछायेत येतात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावांना टँकरने पाणी द्यावे लागत होते. एकाच जिल्ह्यात महापूर आणि टंचाई शेजारी नांदतात.

महाराष्ट्रात अग्रणीची लांबी सुमारे 55 किलोमीटर. एवढ्या अंतरात ती तीन तालुके ओलांडते आणि पुढे राज्याची सीमा. तिच्या काठी सावळज, मळणगाव, हिंगणगाव अशी गावे आहेत. अग्रण धुळगावाने तर नदीचे नावच धारण केले आहे. सिद्धेवाडीचा तलाव याच नदीवरचा. पावसाचा थेंब डोंगरउतारावर पडतो तेव्हा तो कदाचित वनखात्याच्या हद्दीत असतो. थोडे खाली गायरान, म्हणजे ग्रामपंचायत. पुढे शेताचे बांध, म्हणजे कृषी खाते. ओढ्यावर बंधारा असेल तर मृद व जलसंधारण विभाग किंवा जिल्हा परिषद. नदीतील वाळू महसूल खात्याकडे, मोठा तलाव जलसंपदा विभागाकडे आणि जमिनीत मुरलेले पाणी मोजण्याचे काम भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे. थेंब एकच, कचेऱ्या सात-आठ. त्यातली एकही संपूर्ण खोऱ्याची मालक नाही.

म्हणूनच खोऱ्याचे काम कोणत्याही एका खात्याच्या आदेशाने पूर्ण होत नाही. तेथे शासन, ग्रामपंचायती, स्वयंसेवी संस्था, शेतकरी, शाळा-महाविद्यालये आणि व्यापारी या सर्वांना आपापल्या मर्जीने एकत्र यावे लागते.

नदी आटली कशी

तासगावची ओळख द्राक्षाने घडली. बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी निवड पद्धतीने विकसित केलेली ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात देशभर गेली. द्राक्षापाठोपाठ बेदाणा आला आणि तासगावची बाजार समिती बेदाण्याच्या सौद्यांसाठी नावाजली. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची अडत, शीतगृहे, वाहतूक, औषधे-खते आणि कापड-किराणा ही दुकाने या एका पिकावर उभी आहेत.

या वैभवाची दुसरी बाजू बँकेच्या टेबलावरून स्पष्ट दिसत असे. विहीर, विंधनविहीर, जलवाहिनी, ठिबक यांच्या कर्जाचे अर्ज टंचाईच्या वर्षी वाढत. अर्जात सातबारा असे, विहिरीची खोली असे, शेजारच्या विहिरीपासूनचे अंतर असे. परंतु नव्या विहिरीला लागलेले पाणी शेजाऱ्याच्या जुन्या विहिरीतून किती कमी होणार, यासाठी रकाना नसे. प्रत्येक कर्ज स्वतंत्रपणे पाहिले तर नियमात आणि फायद्याचे. सर्व मिळून पाहिले तर एकाच खात्यातून अनेकांनी उचल चालवलेली आणि भरणा करणारे कोणीच नाही. दुष्काळात बागा जगवण्यासाठी टँकरने पाणी विकत घेणारे शेतकरी या भागाने पाहिले आहेत. अशा वर्षी शेतकऱ्याचे देणे थकते, अडत्याची उचल अडकते आणि दुकानातील उधारीची वही जाड होते. नदीचा प्रश्न पेठेपर्यंत यायला वेळ लागत नाही.

पाण्याचा उपसा हे एक कारण झाले. उतारावरील गवत आणि झाडे कमी झाली, तेव्हा पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन धावू लागले. पात्रातील वाळू म्हणजे पाणी धरून ठेवणारा स्पंज. तोही उपसला गेला. पाणी नाही म्हणून पात्रात वेडी बाभूळ माजली, काठाची शेते पात्रात सरकली. एकेकाळची नदी काही ठिकाणी ओढ्याएवढी अरुंद झाली.

येथे एक हिशेब मांडतो. एक हेक्टर जमिनीवर वर्षात 500 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी 50 लाख लिटर होते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी पहिली रेल्वेगाडी सर्वांना आठवत असेल. तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे आपल्याकडच्या एका हेक्टरवर एका वर्षात अशा दहा गाड्यांचे पाणी आकाशातून पडते. ते सर्वच्या सर्व धरता येत नाही. पिके, गवत आणि ऊन यांचा त्यावर पहिला हक्क असतो. तरीही त्यातील थोडा अधिक भाग जमिनीत मुरला, तर नदीचे चित्र पालटू शकते.

2013 नंतरची अग्रणी

2012-13 चा दुष्काळ सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत फार कडक होता. त्यानंतर अग्रणीच्या पुनरुज्जीवनाचे काम उभे राहिले. ‘जलपुरुष’ राजेंद्रसिंह यांचे मार्गदर्शन, जलबिरादरीचे कार्यकर्ते, जिल्हा प्रशासन आणि काठची गावे हे त्यातील प्रमुख घटक. राजेंद्रसिंहांना 2001 साली मॅगसेसे पुरस्कार आणि 2015 साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. राजस्थानात अलवर जिल्ह्यातील अरवरी नदीच्या खोऱ्यात सुमारे सत्तर गावांनी एकत्र येऊन ‘अरवरी संसद’ स्थापन केली, त्यामागे त्यांच्या तरुण भारत संघाचे काम होते. नदी वाहती झाल्यानंतर तिचे पाणी कोणी किती वापरावे, कोणती पिके घ्यावीत, यावर गावांनी स्वतःला नियम घालून घेतले. नदी वाहू लागते तेथे काम संपत नाही, खरी वाटाघाट तेथून पुढे सुरू होते, हे अरवरीने दाखवून दिले.

अग्रणीकाठी पदयात्रा निघाल्या, ग्रामसभा झाल्या, पात्राची पाहणी झाली. अतिक्रमणे दूर करणे, काटेरी झाडोरा काढणे, गाळ उपसणे, पात्र रुंद व खोल करणे, जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती आणि नवे बंधारे अशी कामे टप्प्याटप्प्याने झाली. शासनाच्या योजनांचा निधी, लोकवर्गणी आणि श्रमदान यांची त्यासाठी सांगड घातली गेली. पुढे जलयुक्त शिवार अभियानाचीही जोड मिळाली. काठच्या शेतकऱ्याने पिढ्यांच्या ताब्यातली पट्टी सोडून देणे ही सोपी गोष्ट नव्हे. कायद्याच्या बडग्यापेक्षा गावाच्या बैठकीत झालेला शब्द तेथे अधिक उपयोगी पडतो.

नंतरच्या काही पावसाळ्यांत अग्रणीला पाणी आले, क्वचित पूरही आला. उपसा सिंचन योजनांचे पाणीही या भागात पोहोचू लागले. चांगला पाऊस, योजनेचे पाणी आणि खोऱ्यातील काम या तिन्हींचा वाटा एकमेकांत मिसळलेला आहे. श्रेय कोणाचे यावर वाद घालण्यापेक्षा एक लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. उपसा योजनेचे पाणी विजेच्या बिलावर चालते, मुरलेल्या पाण्याला बिल येत नाही. पहिले आवश्यक आहे. दुसरे आपल्या हातात आहे.

सावधगिरीचा एक मुद्दाही नोंदवायला हवा. यंत्राने पात्र खोल करणे डोळ्यांना दिसते, त्याचे छायाचित्र निघते, उद्घाटन होते. डोंगरउतारावरील समतल चर, गवत, बांधबंदिस्ती ही कामे दिसत नाहीत. जलसंधारणाचे शास्त्र मात्र ‘माथा ते पायथा’ असा क्रम सांगते. माथ्यावर माती अडली नाही, तर पायथ्याचा डोह दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा गाळाने भरतो. आणि प्रमाणाबाहेर खोदून वाळूचा थरच काढला, तर स्पंज काढून परात ठेवल्यासारखे होते. कोणते काम आधी, कोठे आणि किती, हे ठरवण्यासाठीच सर्व संस्थांनी एका नकाशावर काम करणे आवश्यक असते.

आपल्या परिसरातील दोन पूर्वीचे धडे

अशा सहकार्याची परंपरा या भागाला नवी नाही. येरळेच्या काठी खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदुळवाडी या गावांनी 1980 च्या दशकात बळीराजा स्मृती धरण उभारले. मुक्ती संघर्ष चळवळ, डॉ. भारत पाटणकर, संपतराव पवार, अभियंते के. आर. दाते आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते त्यात एकत्र आले. पात्रातील वाळू बेसुमार उपसली जाण्याविरुद्ध गावे उभी राहिली आणि तीच वाळू मर्यादित प्रमाणात विकून धरणासाठी पैसा उभा करण्यात आला. धरणाच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा समान वाटा धरला गेला. काम सुरू होण्यापूर्वीच वाटप ठरले, हे त्या प्रयोगाचे मर्म. व्यापारात भागीदारीचा दस्त आधी लिहितात आणि मग दुकान उघडतात, तसेच हे.

दुसरा धडा सागरेश्वरचा. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमेवरील उजाड डोंगर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासामुळे हिरवे झाले. 1985 साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र केवळ 10.87 चौरस किलोमीटर, पण हे मानवनिर्मित अभयारण्य म्हणून देशात ओळखले जाते. एका व्यक्तीचा आग्रह, लोकांची साथ आणि वनखात्याची यंत्रणा यांतून ते साकारले. आज तेथे सांबर, चितळ, काळवीट आहेत. ती हरणे कधी कधी शेजारच्या पिकांत उतरतात, म्हणून वन आणि शेती यांच्यातील वाटाघाटही चालूच राहते. निसर्गसंवर्धनाची जोखीम कोणाच्या शेतावर पडते आणि लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न सहकार्याच्या प्रत्येक बैठकीत विचारला गेला पाहिजे.

यंत्र एकाचे, इंधन दुसऱ्याचे, गाळ तिसऱ्याचा

आपल्या वाचकांना परिचित असलेले एक उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे. शांतिलाल मुथ्था यांनी 1985 साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने 2018 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम् सुफलाम्’ हा उपक्रम हाती घेतला. त्यात 134 जेसीबी व पोकलेन यंत्रे उतरवण्यात आली. रचना अशी होती : यंत्रे संघटनेची, इंधनाचा खर्च शासनाचा आणि उपसलेला गाळ स्वखर्चाने शेतात वाहून नेण्याची जबाबदारी शेतकऱ्याची. कोणीही सर्व भार उचलला नाही आणि कोणीही रिकाम्या हाताने आले नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने गाळ नेला, याचाच अर्थ त्याला त्या गाळाचे मोल कळले होते. तलाव मोकळा झाला, शेताला सुपीक माती मिळाली.

त्याच वर्षी पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत उतरलेल्या गावांनाही संघटनेने यंत्रे पुरवली. तेथे आधी श्रमदान आणि मग यंत्र असा क्रम होता. ही स्पर्धा 2016 साली तीन तालुक्यांतील 116 गावांपासून सुरू झाली. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचे वेळू गाव प्रथम आले, 2018 मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी. दोन्ही आपल्या शेजारची गावे. या स्पर्धेत प्रशिक्षण एकाने दिले, यंत्र दुसऱ्याने, शासनाने मदत केली आणि घाम गावाने गाळला. प्रत्येकाचा वाटा आधी ठरलेला आणि सर्वांना दिसणारा होता.

देणगी देणे आपल्या समाजाला नवीन नाही. पांजरपोळ, पाणपोई, दवाखाने, धर्मशाळा हे त्याचे पुरावे जागोजागी आहेत. परंतु देणगीत देणारा एक आणि घेणारा एक असतो. भागीदारीत प्रत्येक जण देतो, म्हणून प्रत्येकाला हिशेब विचारण्याचा अधिकार मिळतो. निसर्गाच्या कामाला ही दुसरी रीत अधिक मानवते.

अग्रणी बँकेकडून घेण्यासारखे

आता बँकेच्या अग्रणीकडे वळतो. 1969 साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ‘क्षेत्रीय दृष्टिकोन’ सुचवला आणि डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली. प्रत्येक जिल्ह्यात एका बँकेला पुढाकाराची जबाबदारी देण्यात आली. सांगली जिल्ह्यात ती बँक ऑफ इंडियाकडे आहे, सातारा जिल्ह्यात बँक ऑफ महाराष्ट्रकडे.

अग्रणी बँक इतर बँकांची वरिष्ठ नसते. ती कोणाचे कर्ज मंजूर वा नामंजूर करू शकत नाही. तिचे काम मोजके आहे : जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा तयार करणे, सर्वांना ठरलेल्या वेळी एका टेबलाभोवती बसवणे आणि कोणी किती उद्दिष्ट घेतले व किती गाठले, याचा तक्ता सर्वांसमोर ठेवणे. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या बँका त्या तक्त्यापुढे निमूट बसत. बैठकीतील भाषणे कोणाच्या लक्षात राहत नसत. तक्त्यातील आपल्या बँकेसमोरचा आकडा मात्र प्रत्येकाला झोंबत असे. हुकमाशिवाय शिस्त येते ती अशी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसेल. धनंजयरावांचे चिरंजीव म्हणजे पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ. त्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने 2011 साली अहवाल दिला आणि संवर्धनाचे निर्णय वरून लादण्याऐवजी ग्रामसभांच्या सहभागातून व्हावेत असा आग्रह धरला. वडिलांनी पतपुरवठ्यासाठी क्षेत्राचा विचार मांडला, मुलाने निसर्गासाठी. दोघांचेही सांगणे एका ठिकाणी येते : प्रदेश पाहा, तेथील माणसांना विचारा, मग आराखडा करा.

त्यापूर्वी नोव्हेंबर 1987 ते फेब्रुवारी 1988 या काळात पश्चिम घाट बचाव पदयात्रा झाली. दीडशेहून अधिक संस्था तिच्यात सहभागी होत्या. उत्तरेकडून एक आणि दक्षिणेकडून एक अशा निघालेल्या पदयात्रा गोव्यात भेटल्या. आपापले झेंडे असलेल्या इतक्या संस्था एका वाटेवर चालू शकतात, हे तेव्हाच सिद्ध झाले. पण पदयात्रेला शेवटचा मुक्काम असतो, नदीला नसतो. जागृतीसाठी यात्रा उत्तम. राखणीसाठी मात्र वही लागते.

वही कोठून आणायची

ही वही कोरी नाही. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातील झाडे, गवते, पक्षी, पाणवठे, बियाणे यांची माहिती तीत यावी अशी अपेक्षा आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदोपत्री उरते. महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि गावातील जाणती मेंढपाळ मंडळी एकत्र बसली, तर तीच नोंदवही जिवंत होईल.

पाण्याच्या बाबतीत भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातील एक मोजणी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास होते. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातील जे तेरा जिल्हे निवडले गेले, त्यांत सांगली आणि सातारा दोन्ही आहेत. गावाने पाण्याचा जमाखर्च मांडून त्यावर जलसुरक्षा आराखडा करावा, ही त्या योजनेची मध्यवर्ती कल्पना. म्हणजे मोजमाप आहे, समित्या आहेत, संस्था आहेत. उणीव आहे ती सर्व नोंदी खोऱ्याच्या पातळीवर एकत्र वाचणाऱ्या बैठकीची आणि ती बैठक न चुकता बोलावणाऱ्या एका अग्रणीची.

झिरो पेमेंटची रीत नदीला

हे कसे करावे, याचे उत्तर आपल्या पेठेतच आहे. दिवाळीच्या सुमारास तासगाव आणि सांगलीचे बेदाणा सौदे काही आठवडे बंद राहतात. या अवधीत खरेदीदार अडत्याचे देणे भागवतो, अडत्या शेतकऱ्याचे. येणे-देणे शून्यावर आल्यावर नवे सौदे सुरू होतात. पेठेत याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. एरवी एका पेटीच्या दरासाठी चढाओढ करणारे व्यापारी या एका नियमावर एकत्र राहतात. कारण प्रत्येकाला ठाऊक असते की एकाची थकबाकी साऱ्या बाजाराची पत घालवते.

अग्रणी खोऱ्यासाठी हीच रीत सुचवावीशी वाटते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या त्या बंद काळात, खोऱ्यातील सर्व भागीदारांनी एकत्र यावे. तोपर्यंत पाऊस संपलेला असतो, विहिरींची मोजणी झालेली असते आणि आपल्या अडत्यांना सवडही असते. प्रत्येक संस्थेने तीनच गोष्टी सांगाव्यात : गेल्या वर्षी काय कबूल केले, त्यातील काय पार पडले आणि काय थकले. ज्याने शंभर झाडांचा शब्द दिला होता, त्याने लावलेली झाडे मोजू नयेत. तिसऱ्या वर्षी जगलेली मोजावीत. ज्याने बंधारा बांधला, त्याने त्याची गळती सांगावी. ज्या गावाने उपशावर मर्यादा घालण्याचे ठरवले, त्याने ती पाळली का ते सांगावे. थकलेले काम पुढच्या वर्षात ओढावे किंवा स्पष्टपणे दुसऱ्याकडे सोपवावे. जुने शून्य झाल्याखेरीज नवी घोषणा करू नये.

या बैठकीचे यजमानपद कोणाकडे असावे? माझ्या मते पैसा सर्वांत जास्त असलेल्या संस्थेकडे ते नसावे आणि कोणत्याही राजकीय पक्षाच्या जवळच्या संस्थेकडेही नसावे. खोऱ्यातील एखादे महाविद्यालय किंवा सर्वांना मान्य असलेली जुनी संस्था दर तीन वर्षांनी आळीपाळीने ही जबाबदारी घेऊ शकेल. अथणीकडील गावांनाही आमंत्रण असावे, कारण आपण जे पाणी सोडतो वा अडवतो, त्याचा परिणाम त्यांच्या विहिरींवर होतो. राज्याची सीमा नकाशावर असते, खडकाच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्याला ती दिसत नाही.

आपला वाटा

व्यापारी कुटुंबांनी यात काय करावे? पहिले म्हणजे, देणगी देताना कामाचा क्रम विचारावा. पायथ्याच्या देखण्या बंधाऱ्याइतकीच माथ्यावरच्या चरांना आणि गवताला मदत करावी, जरी तेथे नावाची पाटी लावता येत नसली तरी. दुसरे, देखभालीसाठी द्यावे. बांधकामाला पैसा मिळतो, गाळ काढण्याला आणि झाडांना तीन उन्हाळे पाणी घालण्याला मिळत नाही. आपल्या घरातील एखादी वर्षगाठ त्यासाठी राखून ठेवता येईल. तिसरे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, आपले हिशेबाचे ज्ञान द्यावे. आपल्या घराघरांत बी.कॉम., एम.कॉम., सनदी लेखापाल झालेली मुले-मुली आहेत. निवृत्त बँक कर्मचारीही कमी नाहीत. खोऱ्याची वही लिहिणे, वर्षाचा तक्ता तयार करणे, निधीचे परीक्षण करणे ही कामे कुदळ-फावड्याइतकीच गरजेची आहेत, आणि ती करणारी माणसे सामाजिक कार्यात नेहमी कमी पडतात.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर लाभ-शुभ लिहितो आणि मागील वर्षाची बाकी पुढे ओढतो. ज्या पाण्यावर द्राक्ष पिकते, ज्या द्राक्षावर पेठ चालते, त्या पाण्याचे खाते अजून कोणत्याही वहीत उघडलेले नाही. यंदाच्या झिरो पेमेंटच्या काळात तासगावातील पाच-सात दुकानदारांनी, दोन-तीन गावांच्या सरपंचांनी आणि एखाद्या प्राध्यापकाने एकत्र बसून ते खाते उघडले, तरी आरंभ होईल. पहिल्या वर्षी नावेबाजू जड दिसेल. तिला घाबरण्याचे कारण नाही. खरी शिल्लक कळली की भरणा कोठून करायचा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.